दुसरी उमेदवारी : परिचर्या की भौतिकोपचार?

ज्या वयात माणसाने एखाद्या कामात स्थिरावलेले असावे असा आपल्याकडे संकेत आहे, त्या वयात पुन्हा विद्यार्थी होण्याची पाळी अनेकांवर येते. इंदूर शहराला हा अनुभव नवा नाही. 1991 च्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद पडली आणि सुमारे सहा हजार कामगारांच्या घरांतील हिशेब रातोरात बदलले. त्यांची देणी हाती पडण्यास 2023 साल उजाडावे लागले. मधल्या बत्तीस वर्षांत ही घरे चालली, ती बहुतेक नव्याने पत्करलेल्या कामांवर आणि पुष्कळ ठिकाणी घरातील स्त्रीने धरलेल्या नोकरीवर.

गिरणीचे उदाहरण मोठे म्हणून डोळ्यांत भरते. परंतु पतीच्या अकाली निधनाने संसाराचा भार एकटीवर आलेली स्त्री, वर्षानुवर्षे तुटपुंज्या पगारावर शिकवून थकलेली खाजगी शाळेतील शिक्षिका, यंत्राने काम हिरावून घेतलेला कारकून, मुले मोठी झाल्यावर स्वतःच्या पायावर उभी राहू पाहणारी गृहिणी, या सर्वांपुढे प्रश्न तोच असतो. आता काय शिकावे? इंदुरात या प्रश्नाचे उत्तर शोधताना नजर बहुधा रुग्णालयाकडे वळते, आणि ते स्वाभाविकही आहे. 1878 साली येथे वैद्यकीय शाळा निघाली. 1948 साली तिच्या परंपरेतून महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. आणि महाराजा यशवंतराव होळकर यांच्या नावाचे सातमजली रुग्णालय गेली कित्येक दशके माळवा आणि निमाड या दोन्ही प्रदेशांतील रुग्णांचा आधार आहे. गेल्या काही दशकांत खाजगी रुग्णालयांचीही मोठी भर पडली. डॉक्टर होण्याचे वय निघून गेलेले असते. मग दोन नावे पुढे येतात : परिचर्या म्हणजे नर्सिंग, आणि भौतिकोपचार म्हणजे फिजिओथेरपी.

दोहोंची कामे दुरून सारखी दिसतात, म्हणून निवड अनेकदा शेजाऱ्याच्या सल्ल्यावर किंवा एखाद्या जाहिरातीवर होते. विशीतल्या मुलीची निवड चुकली तर तिला ती बदलण्यास वेळ असतो. पस्तिशीच्या माणसाजवळ तो नसतो. म्हणून ही निवड डोळसपणे, कामाचे स्वरूप आणि स्वतःची परिस्थिती शेजारी शेजारी ठेवून करावयास हवी.

प्रथम या दोन व्यवसायांचे परस्परांशी असलेले नाते पाहू. भौतिकोपचाराचा जन्म परिचर्येच्या घरातच झाला, असे म्हटले तर वावगे होणार नाही. 1894 साली लंडनमध्ये चार परिचारिकांनी एकत्र येऊन मर्दनाचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेल्या स्त्रियांची एक संस्था स्थापन केली. मर्दनाच्या नावाखाली चाललेल्या गैरप्रकारांपासून आपल्या कामाची प्रतिष्ठा वाचवावी, हा त्यांचा हेतू होता. ब्रिटनमधील भौतिकोपचारकांची आजची सनदप्राप्त संस्था तिच्यातूनच वाढली. ऑस्ट्रेलियातील एलिझाबेथ केनी हीदेखील मूळची परिचारिकाच. पोलिओ झालेल्या मुलांचे हातपाय फळ्यांना जखडून ठेवण्याची त्या काळी पद्धत होती. केनीने उलट गरम लोकरी कापडाचा शेक आणि स्नायूंना पुन्हा चालना देणाऱ्या हालचाली यांचा आग्रह धरला. तिला प्रखर विरोध झाला, परंतु 1940 नंतर अमेरिकेत तिची पद्धत मान्यता पावत गेली.

आपल्या देशातही पोलिओनेच या शास्त्राला दार उघडून दिले. 1952 सालच्या मुंबईतील साथीनंतर तेथील के.ई.एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण देणारे देशातील पहिले विद्यालय सुरू झाले, आणि 1955 साली भारतीय भौतिकोपचारकांचा संघ स्थापन झाला. 2014 साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. तथापि भौतिकोपचारकाचे काम कमी झाले नाही. पक्षाघात, रस्त्यावरील अपघात, गुडघ्याच्या शस्त्रक्रिया, तासन् तास बैठ्या कामाने जडलेली पाठदुखी, आणि वाढलेल्या आयुर्मानाबरोबर वाढलेले वार्धक्य यांनी ती जागा भरून काढली.

आता दोघांचे प्रत्यक्ष काम पाहावे. त्यासाठी एकच खाट डोळ्यांसमोर आणू. पक्षाघाताचा झटका आलेला साठीचा गृहस्थ वॉर्डात दाखल झाला आहे. उजवी बाजू लुळी पडली आहे, बोलणे अस्पष्ट आहे, घास गिळताना ठसका लागतो.

या खाटेजवळ परिचारिका चोवीस तास असते. व्यक्ती पाळीपाळीने बदलतात एवढेच. ती नाडी, श्वास, रक्तदाब आणि तापमान यांची नोंद ठेवते. औषध देताना रुग्ण तोच आहे ना, औषध तेच आहे ना, मात्रा, देण्याचा मार्ग आणि वेळ बरोबर आहे ना, या पाच गोष्टी ती दर खेपेस पडताळते. सामान्यतः दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलते, कारण एकाच जागी दाब राहिला तर तेथील रक्तप्रवाह अडतो आणि कातडी सडू लागते. त्याला स्वच्छ ठेवते, नळीवाटे अन्न देते, लघवीचे प्रमाण मोजते. आणि रात्री तीन वाजता श्वासाचा आवाज बदलला, तर तो प्रथम तिच्याच कानी पडतो. डॉक्टरला बोलवावयाचे की नाही, हा निर्णय त्या घटकेला तिचा असतो.

भौतिकोपचारक त्याच खाटेशी येतो तो ठरलेल्या वेळी, बहुधा दिवसा, आणि अर्ध्यापाऊण तासाने दुसऱ्या रुग्णाकडे जातो. पहिल्या दिवसांत तो लुळा हात आणि पाय स्वतःच्या हातांनी प्रत्येक सांध्यातून फिरवतो, कारण न हललेला सांधा काही आठवड्यांत आखडतो. छातीत कफ साचू नये म्हणून श्वासाचे व्यायाम करून घेतो. प्रकृती स्थिरावली की रुग्णाला खाटेच्या कडेला बसवतो, मग उभे करतो, मग दोन समांतर दांड्यांच्या मध्ये पहिले पाऊल टाकावयास लावतो. पुढे अनेक महिने एकच हालचाल शेकडो वेळा करवून घ्यावी लागते. मेंदूचा जो भाग शाबूत आहे, त्याने गेलेल्या भागाचे काम शिकून घ्यावे, यासाठी ही घोकंपट्टी असते.

येथे दोहोंतील खरा भेद लक्षात येतो. रुग्णाला जे स्वतःला करता येत नाही, ते परिचारिका त्याच्यासाठी करते. भौतिकोपचारक मात्र रुग्णाने ते स्वतः करावे म्हणून थांबतो, आग्रह धरतो, प्रसंगी रुग्णाचा रोषही ओढवून घेतो. ज्या माणसाला दुसऱ्याची वेदना दिसताच हात पुढे केल्यावाचून राहवत नाही, त्याला दुखणारा गुडघा वाकविण्याचा हट्ट धरणे जड जाईल. ज्याला शिकवण्यात रस आहे, सुधारणा बोटाबोटाने मोजण्याचा धीर आहे, त्याला भौतिकोपचार मानवेल. अनेक वर्षे शाळेत काढलेल्या व्यक्तीने हे विशेष ध्यानी घ्यावे; तिच्याजवळची सर्वांत मोठी शिदोरी येथे जशीच्या तशी उपयोगी पडते.

परंतु सुधारणा हेच ज्याचे पारितोषिक, त्याने परिचर्येचे एक अंग समजून घेतले पाहिजे. परिचारिकेला असे रुग्णही सांभाळावे लागतात की जे बरे होणार नाहीत. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग हिच्यावर 1973 साली अमानुष हल्ला झाला आणि ती कायमची जाणिवेपलीकडे गेली. 2015 साली तिचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे बेचाळीस वर्षे, त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी तिची शुश्रूषा केली. 2011 साली हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना तिच्या अंगावर अंथरुणाला खिळल्याने होणारी एकही जखम आढळली नाही, आणि न्यायालयाने त्या परिचारिकांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. तेथे रुग्ण चालू लागण्याची आशा नव्हती; कूस बदलण्याची वेळ तेवढी होती, आणि ती पाळली गेली. हे ज्याला निष्फळ वाटत नाही, त्याचा पिंड परिचर्येचा आहे.

पिंड ओळखला तरी दारे उघडी असतातच असे नाही. दुसऱ्या उमेदवारीत सर्वांत आधी पाहावयाचे ते हेच, आणि बहुतेक जण ते सर्वांत शेवटी पाहतात. परिचर्येची पदविका, जिला जी.एन.एम. म्हणतात, तीन वर्षांची आहे. बारावी कोणत्याही शाखेची चालते. इंग्रजी विषय आणि एकंदर 40 टक्के गुण असावे लागतात. कला शाखेत शिकलेल्या व्यक्तीला हे दार मोकळे आहे. मात्र तेथे प्रवेशाचे कमाल वय 35 आहे, आधीच ए.एन.एम. झालेल्यांना तेवढी वयाची अट नाही. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे असून त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हवे. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या नियमांनी तेथेही 35 ही वयोमर्यादा घातली आहे. पदविका घेतलेल्यांना पुढे नोकरी करून दोन वर्षांत पदवी मिळविण्याची सोय आहे, ही जमेची बाजू.

भौतिकोपचाराची पदवी, म्हणजे बी.पी.टी., दीर्घकाळ साडेचार वर्षांची होती; त्यात सहा महिने रुग्णालयातील उमेदवारीचे. 2021 च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयोगाने 2025 साली नवा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. त्यात हा काळ पाच वर्षांचा झाला असून शेवटचे पूर्ण वर्ष उमेदवारीचे आहे, आणि प्रवेशासाठी नीट परीक्षेची अटही आली आहे. बारावीला विज्ञानाचे ते तीन विषय अपरिहार्य आहेत. कला शाखेतील व्यक्तीला राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून ते विषय घेऊन पुन्हा बारावी देता येते, पण मग एकंदर काळ सहासात वर्षांवर जातो. उलट, नीट परीक्षेची कमाल वयाची अट 2022 साली उठविण्यात आली. तात्पर्य असे की कला शाखेच्या तिशीतील व्यक्तीला परिचर्येची वाट जवळची. विज्ञान शाखेच्या, पस्तिशी ओलांडलेल्या व्यक्तीला भौतिकोपचाराचीच आशा अधिक. प्रवेशाचे नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी.

यानंतर मिळकतीचा विचार. केंद्र सरकारच्या सेवेत सातव्या वेतन आयोगाप्रमाणे परिचारिकेचे मूळ वेतन 44,900 रुपयांपासून, तर भौतिकोपचारकाचे सामान्यतः 35,400 रुपयांपासून सुरू होते. अधिक वर्षे शिकून कमी वेतन, हे पाहून अनेक जण एकदम परिचर्येच्या बाजूला झुकतात. पण हे आकडे उशिरा आलेल्या उमेदवाराला फसवे ठरू शकतात. एम्स संस्थांतील नर्सिंग ऑफिसरच्या भरतीसाठी सर्वसाधारण वर्गाची कमाल वयोमर्यादा 30 वर्षे आहे. चौतिसाव्या वर्षी प्रवेश घेऊन सदतिसाव्या वर्षी पदविका मिळविणाऱ्या स्त्रीला ते वेतन कागदावरच राहणार. राज्यांच्या भरतीचे नियम आणि राखीव वर्गांना मिळणाऱ्या सवलती वेगळ्या असतात. त्यांची चौकशी जरूर करावी. तरी तिने आपला हिशेब खाजगी रुग्णालयाच्या वेतनावर मांडावा. हे वेतन सरकारी वेतनापेक्षा पुष्कळच कमी असते. त्याच्या जोडीला एवढे मात्र खरे की परिचारिकांची गरज प्रत्येक रुग्णालयाला असते आणि काम मिळण्यास सहसा फार वाट पाहावी लागत नाही.

भौतिकोपचारकाला रुग्णालयात जागा थोड्या असतात. एका वॉर्डाला प्रत्येक पाळीत दोनचार परिचारिका लागतात. भौतिकोपचारक मात्र एकटा अनेक वॉर्ड पाहतो. त्याचे बळ दुसरीकडे आहे. त्याला स्वतःचे चिकित्सालय थाटता येते, आणि ते जमेपर्यंत घरोघर जाऊन रुग्ण पाहता येतात. इंदुरातील रामबागेसारख्या जुन्या वस्तीत, जेथे मुले परगावी आणि वृद्ध आईवडील घरी अशी स्थिती वाढत आहे, तेथे अशा माणसाची वाट पाहिली जाते. परंतु नाव होण्यास काही वर्षे जातात. ती वर्षे ज्याच्या घरात दुसरी मिळकत आहे, त्यालाच परवडतात.

शरीराचा आणि घराचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. परिचर्येत रात्रपाळी टळत नाही. घरी लहान मूल किंवा अंथरुणावरचे सासूसासरे असतील, तर रात्री त्यांच्याजवळ कोण राहील, हे प्रवेशाआधी ठरले पाहिजे. पाळी संपताना पुढच्या परिचारिकेला प्रत्येक रुग्णाची हकिकत सांगितल्यावाचून निघता येत नाही, त्यामुळे घड्याळाच्या ठोक्याला घरी पोहोचणे दुर्मिळ. भौतिकोपचारात रात्री मोकळ्या राहतात. पण खाजगी व्यवसायात रुग्ण सकाळी लवकर आणि सायंकाळी उशिरा येतात, म्हणजे नेमक्या स्वयंपाकाच्या आणि अभ्यासाच्या वेळी. पाठीवरचा ताण दोन्हीकडे आहे. रुग्णाला उचलताना कंबरेतून न वाकता गुडघ्यांतून वाकावे, त्याला अंगाजवळ धरावे आणि दुसऱ्याची मदत घ्यावी, हे दोन्ही अभ्यासक्रमांत शिकवतात. ज्याची पाठ आधीच दुखावलेली आहे, त्याने प्रथम स्वतःची तपासणी करून घ्यावी.

या सर्वांहून मोठा धोका आहे तो मान्यता नसलेल्या संस्थेचा. मध्यप्रदेशातील नर्सिंग महाविद्यालयांचे प्रकरण या बाबतीत डोळे उघडणारे आहे. इमारत नाही, शिक्षक नाहीत, संलग्न रुग्णालय नाही, अशी महाविद्यालये चालत असल्याच्या तक्रारी उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने शेकडो महाविद्यालयांची तपासणी केली. 2024 साली तपासणी करणाऱ्यांपैकीच काहींना लाचेच्या आरोपावरून अटक झाली आणि तपासणी नव्याने करण्याचा आदेश निघाला. या काळात विद्यार्थ्यांच्या परीक्षा वर्षानुवर्षे रखडल्या. तरुण मुलींचे यात नुकसान झालेच. परंतु दागिने गहाण ठेवून शुल्क भरणाऱ्या पस्तिशीच्या स्त्रीची तीन वर्षे अशी गेली, तर ती भरून येण्याचा मार्गच उरत नाही. म्हणून फलक आणि जाहिरात पाहून पैसे भरू नयेत. संस्थेचे नाव त्या वर्षीच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, तिच्या विद्यार्थिनींना कोणत्या रुग्णालयात काम शिकविले जाते, मागील तुकडीची परीक्षा वेळेवर झाली का आणि तिची राज्य परिषदेत नोंदणी झाली का, या चार प्रश्नांची उत्तरे कागदोपत्री पाहावीत. भौतिकोपचाराच्या महाविद्यालयालाही हेच प्रश्न विचारावेत.

दुसरी उमेदवारी ही काही आजची कल्पना नव्हे. 1909 साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले. ज्यांचे पहिले आयुष्य वैधव्याने संपले असे समाज मानत होता, अशा स्त्रियांना त्या संस्थेने ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण मिळवून दिले. परक्या रुग्णाची सेवा करणे हे कुलीन घरातील स्त्रीला अनुचित समजले जाण्याचा तो काळ. इंदुरातही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅनडातील मिशनच्या स्त्री-डॉक्टरांनी स्त्रियांसाठी वैद्यकीय कार्य सुरू केले, तेव्हा उंबरठा ओलांडून रुग्णालयात येणे रुग्ण म्हणूनसुद्धा सोपे नव्हते. त्या पिढीपुढे लोकनिंदेची अडचण होती. आजच्या उमेदवारापुढे वयाचे दाखले, विषयांच्या अटी आणि शुल्काचे आकडे आहेत. सेवासदनाने त्या स्त्रियांच्या शिक्षणाबरोबर निवासाची आणि आधाराची व्यवस्था केली होती, हे येथे स्मरणात ठेवण्याजोगे आहे. एकटीच्या जिद्दीवर तीन ते पाच वर्षे निभत नाहीत. घरातील माणसांनी कामाची वाटणी आधी मान्य केली, तरच ती निभतात.

अर्ज भरण्यापूर्वी आणखी एक गोष्ट करावी. ओळखीच्या डॉक्टरमार्फत परवानगी घेऊन एक सबंध दिवस वॉर्डात आणि एक दिवस भौतिकोपचार विभागात बसावे. वॉर्डातला वास, जखमा, नातेवाइकांचा त्रागा हे सारे पाहावे. दुसऱ्या दिवशी त्याच त्या व्यायामांची संथ आवृत्ती पाहावी, वेदनेने ओरडणाऱ्या रुग्णाला पुन्हा एकदा हात उचलावयास सांगणे पाहावे. संध्याकाळी घरी परतल्यावर उद्या पुन्हा कोठे जावेसे वाटते, याचे उत्तर ज्याचे त्याला मिळते. मग बारावीचे विषय, वय, घरातील मिळकत आणि रात्रीची व्यवस्था या चार गोष्टी कागदावर मांडून ते उत्तर तपासून घ्यावे. ज्यांचे वय तेहतीस किंवा चौतीस आहे आणि ओढा परिचर्येकडे आहे, त्यांनी येत्या प्रवेशसत्राची तारीख आजच विचारून ठेवावी. त्यांच्याजवळ एखाददुसरेच सत्र शिल्लक आहे.